तिथीची पाऊणपट

"ओ दादा, हितं समुद्र कुन्या अंगाला हाय?"

विचारणारा माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता, पण वर. ट्रेलरच्या केबिनमधून अर्धा बाहेर वाकलेला, खांद्यावर ओला टॉवेल, डोळे रात्रभर जागल्यासारखे. २०१८ चा मे महिना, संध्याकाळचे सहा वाजत आलेले, आणि न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गव्हाण फाटा ओलांडून जासईच्या अलीकडे आम्ही सगळे तासाभरापासून जागच्या जागी उभे. पुढे पाहावं तर कंटेनरचे दरवाजे, आरशात पाहावं तर ट्रेलरची नाकं, डावीकडे रुंदीकरणासाठी खणून ठेवलेली लाल माती आणि त्या मातीचा सगळ्यांच्या काचांवर बसलेला एकसारखा थर. माझ्या गाडीत मागच्या सीटवर आत्या होती. ती खरं तर वडिलांची आत्या, पण घरात लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणायचे. नेरूळला लेकाकडे राहणाऱ्या आत्याला चुलतभावाच्या हळदीला वेळेत पोचवणं एवढी एकच जबाबदारी घरच्यांनी माझ्यावर टाकली होती, कारण आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिने धवला धरल्याशिवाय आमच्या मांडवातलं पान हलायचं नाही. दर दहा मिनिटांनी फोन येत होता, "कुठवर आलात?" आणि मी दर वेळी तेच ठिकाण सांगत होतो.

प्रश्न ऐकून मी फार विचार न करता बोलून गेलो, "गेटच्या आत गेलात की दिसेल की."

तो हसला. वाईट वाटल्याचं हसणं नव्हतं ते, समोरच्याला सोडून देण्याचं होतं. म्हणाला, "आत तर अकरा वर्सं झाली जातोय."

मी गप्प बसलो. चौदा वर्षं झाली होती मला या धंद्यात. सीएचएच्या, म्हणजे मालाचे कस्टमचे कागद करून देणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात पोऱ्या म्हणून लागलो, कस्टमच्या खिडक्यांपुढे उभं राहून शिकलो, मग निर्यातीचं टेबल माझ्याकडे आलं. ट्रेलर गेटच्या आत गेल्यावर काय होतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. यार्डातला ब्लॉक ठरलेला असतो, तिथे जाऊन उभं राहायचं, वर आरटीजी, म्हणजे रबरी चाकांवरची क्रेन येते, चार कोपऱ्यांना पकडून डबा, म्हणजे कंटेनर, उचलते, हातात पावती पडते आणि ट्रेलर आल्या वाटेने बाहेर. धक्क्यावर, जहाजाच्या अंगाला लागून जी वाहनं धावतात ती टर्मिनलची स्वतःची. बाहेरचा ट्रेलर तिथवर जातच नाही. त्याला दिसतात ते सहा-सहा थरांचे डबे, त्यांच्यावरून डोकावणारे धक्क्यावरच्या क्रेनचे लांब हात आणि फार झालं तर एखाद्या मोठ्या बोटीच्या माथ्यावरच्या काचा. पाणी त्या सगळ्याच्या पलीकडे, खाली. हे सगळं मला पाठ होतं. पण या सगळ्याची बेरीज केली तर अकरा वर्षं बंदरात येणाऱ्या माणसाला समुद्र दिसलेला नसतो, ही साधी गोष्ट त्या खिडकीतून कुणी विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती.

आत्याने मागून काच खाली केली. तिला प्रश्न नीट ऐकू गेला असावा, कारण तिने सरळ हात लांब करून उजवीकडे दाखवलं. "सूर्य बुडतं ना, तिकरं. आता काय दिसाचा नाय." उजवीकडे रिकाम्या कंटेनरचं यार्ड होतं. निळे, विटकरी, हिरवट डबे सात-सात उंच रचलेले. सूर्य त्यांच्या मागे उतरत होता आणि दोन थप्प्यांमधल्या फटीतून ऊन एका उभ्या पट्टीसारखं रस्त्यावर पडलं होतं.

थांबण्याला आमच्या धंद्यात जितकी नावं आहेत तितकी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाहीत. आयातीचा डबा ठरल्या दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला तर डेमरेज. डबा शिपिंग लाइनचा, तो वेळेत रिकामा करून परत केला नाही तर डिटेन्शन. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामात, जमीन अडवली तर ग्राउंड रेंट. ट्रेलर उभा राहिला तर वाहतूकदाराचं हॉल्टिंग. थंड कंटेनर असेल तर त्याला विजेला जोडून ठेवल्याचे प्लग-इनचे वेगळे. प्रत्येकाची दरपत्रकं आहेत, पहिले इतके दिवस फुकट, पुढे इतका दर, त्याच्या पुढे दुप्पट. ऑफिसात आम्ही या आकड्यांवरून दिवसभर भांडतो. कुणाच्या खात्यावर किती टाकायचं, कुणाला किती सूट मागायची. ड्रायव्हर मात्र फेरीवर असतो. फेरी एका दिवसात झाली तरी तेवढीच आणि चार दिवसांत झाली तरी जेवणाच्या भत्त्यापुरता फरक. तो थांबतो त्याला धंद्यात शब्द नाही. तो नुसता 'लाइनीत आहे' असतो.

हे लिहिताना मला द्राक्षं आठवतात. जानेवारी ते एप्रिल आमच्या ऑफिसात निफाड, पिंपळगाव, दिंडोरीचे फोन सुरू होतात. द्राक्षाचा माणूस फोनवर कधी 'कंटेनर लोड झाला का' असं विचारत नाही. तो विचारतो, "साहेब, द्राक्षं बोटीत बसली का?" जणू लेक सासरी निघालीय आणि एसटीत जागा मिळाली की नाही तेवढंच त्याला कळायला हवंय. पहाटे गारव्यात तोडलेला माल, पॅकहाऊसमध्ये निवडून, पेटीत भरून, प्रीकूलिंगमध्ये शून्याच्या आसपास आणून रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, चढतो. मग कसारा घाट, भिवंडी, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली. सगळं मिळून जेमतेम २०० किलोमीटर. समोर रॉटरडॅमपर्यंतचा तीन-चार आठवड्यांचा समुद्र पडलेला असतो, पण आमचा जीव अडकलेला असतो तो शेवटच्या १५ किलोमीटरमध्ये. डब्याच्या नाकाला लावलेला जनसेट डिझेल पीत घुमत असतो. तो बंद पडला की आतलं तापमान एकेक अंश चढायला लागतं. कटऑफ असतो रात्री दहाचा. दहाच्या आत डबा गेटच्या आत गेला नाही तर शटआउट, बोट निघून जाते आणि पुढची त्याच मार्गाची बोट आठवड्याने. एका वर्षी असा एक डबा माझ्या हातून गेला. माझ्या हातून म्हणजे, मी टेबलावर आणि तो रांगेत, पण फोन मला येत होते. साडेनऊला ट्रेलर गेटपासून दोन किलोमीटरवर होता. दहा वाजून पाच मिनिटांनी शेतकऱ्याचा फोन आला आणि मी तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला. तो रागावला नाही. त्याने विचारलं, "मग आता तिचं काय करायचं?" तिचं, असं म्हणाला. आठवडाभर तो डबा विजेला जोडून ठेवला, पुढच्या बोटीने गेला, तिकडच्या व्यापाऱ्याने देठ सुकल्याचं कारण देऊन भाव पाडला.

रांग का लागते हे मला अनेकांनी विचारलंय, लग्नात, बारशाला, अगदी दहाव्यालासुद्धा. आमच्या भागात तो हवामानासारखा विषय आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं गाड्या फार झाल्या, रस्ता अपुरा. ते खरंच आहे, पण तेवढंच असतं तर रस्ता वाढवल्यावर प्रश्न मिटला असता. खरी गंमत वेळेत आहे. बोटीला डबे घ्यायची खिडकी उघडते ती काही दिवस आधी, त्याच्या आधी आणलेला डबा घेत नाहीत, नंतर आणलेला चालत नाही. त्यात कागद शेवटच्या क्षणाला तयार होतात, शिपिंग बिलावर कस्टमचा शेरा, मग गेटमधून आत शिरायचा कागद, फॉर्म १३, मग गेट. ज्याचा कागद अजून आलेला नाही तो ड्रायव्हर करणार काय, तो रस्त्याकडेला गाडी लावून वाट बघतो आणि तीन लेनचा रस्ता दोनचा होतो. ठाण्या-मुंबईकडे गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, ती उठली की तिकडून अडवलेल्या गाड्या एकदम सुटतात, आणि घाटावरच्याही त्याच सुमाराला पोचतात. दोन बोटी मागेपुढे यायच्या त्या वाऱ्यापावसाने एका दिवशी आल्या की हिशेब दुप्पट. सीएफएस आणि रिकाम्या डब्यांची यार्डं रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेली, त्यामुळे एकच डबा भरलेला, रिकामा, पुन्हा भरलेला असा त्याच रस्त्यावरून तीन-तीनदा फिरतो. २०१६ पासून आयातीचा माल थेट बंदरातून कारखान्यात न्यायची सोय आली, त्याने एक फेरा वाचला, हे मान्य करायला हवं. पण एवढ्या सगळ्यात एक टायर फुटला, एका सर्व्हरने मान टाकली की संपलं. जून २०१७ मध्ये जगभर तो संगणकांवरचा हल्ला झाला तेव्हा इथलं एक टर्मिनल काही दिवस बंद पडलं होतं. युरोपात कुठेतरी कुणीतरी काहीतरी क्लिक केलं आणि इथे बंदराजवळ करळ फाट्यावर चहावाल्याचं दूध संपलं, असं आमच्या ऑफिसातला एक जण म्हणायचा.

२०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदराबाहेर शंभरेक जहाजं नांगर टाकून ताटकळत होती तेव्हा त्याचे उपग्रहावरून घेतलेले फोटो सगळ्या जगाने पाहिले. छान दिसत होते ते फोटो, निळ्या पाण्यावर तांदूळ सांडल्यासारखे. आमच्या रांगेचा असा फोटो मी पाहिलेला नाही. आमच्याकडे रांगेचे फोटो नसतात. ज्या कुटुंबातलं माणूस त्या रस्त्याने गेलं त्याचा फोटो असतो, भिंतीवर, हार घातलेला. माझ्या दहावीच्या वर्गातला एक आहे तसा.

आत्याला थांबण्याचं काही वाटत नव्हतं. तिने पायातल्या चपला काढल्या, मांडी घातली आणि गजऱ्याची पुडी उघडून मोगरा सुकला का ते पाहिलं. गाडीत मोगरा, तिच्या डब्यातले तांदळाचे वडे आणि बाहेरून येणारं डिझेल असा एक वास तयार झाला होता, तो आजही कुठे आला तर मला मळमळतं आणि घराची आठवणही येते, दोन्ही एकदम. "आमचे टायमाला भरतीचा तरी टाइम ठरलेला असाचा," ती म्हणाली. "या गाऱ्यांचा काय?"

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी लहान असताना मुंबईला जायचं म्हणजे उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्याहून लाँच. ओहोटीला धक्क्याला गाळ, लाँच लागायची नाही. मग सगळी माणसं पाटीभाजीसकट धक्क्यावर बसून राहायची. पण त्या बसण्यात कुणाची चिडचिड मी पाहिली नाही, कारण पाणी कधी येणार हे प्रत्येकाला माहीत असायचं. आत्याने मला शिकवलं होतं ते. तिथीची पाऊणपट करायची. आज सप्तमी, सात पाऊण सव्वापाच, सव्वापाचला भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीनला. अष्टमीला सहाला. शुक्ल काय, कृष्ण काय, गणित तेच. शाळेत पाऊणकी पाठ करायला माझ्या पिढीला कुणी सांगितलं नाही, मी ती भरतीसाठी पाठ केली. आत्याच्या घरी घड्याळ होतं, पण तिचा दिवस ठरायचा तो या पाऊणकीवर. खाडीच्या बांधातली पाण्याची झडप, उघाडी, कधी उघडायची, खाजणात निवट्या धरायला कधी उतरायचं, चिंबोऱ्यांचे पिंजरे कधी उचलायचे, खाडीपलीकडे माहेरी जायचं तर केव्हा निघायचं. उधाणाच्या रात्री बांधावर कंदील घेऊन सगळा गाव जागा असायचा, कारण एका ठिकाणी बांध फुटला की खारं पाणी भातात. ती वाट पाहणंही भीतीचंच होतं, तिला गोड रंग देण्यात अर्थ नाही. पण पहाटे अमुक वाजता पाणी उतरायला लागेल हे धरूनच ती माणसं भ्यायची.

आम्ही उभे होतो तो सगळा पट्टाच खाजण, मिठागरं आणि भाताचा. जासई, दास्तान, पागोटे ही नावं आमच्या घरात जानेवारी महिन्यासारखी उच्चारली जातात. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला जमिनीच्या भावासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, पाच जण गेले. आत्या तेव्हा त्या गर्दीत होती. तिच्याकडून त्या दिवसाचं वर्णन मी अनेकदा काढायचा प्रयत्न केला, पण ती दर वेळी एकच गोष्ट सांगायची, की पळताना एका बाईच्या कडेवरचं मूल तिने घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाचं ते कळलं नाही. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्यातून आला, पुढे राज्यभर त्याचा दाखला दिला गेला. आणि १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झालं. मुंबईच्या बंदरातली गर्दी हलकी व्हावी म्हणून बांधलेलं बंदर! हे वाक्य मी पहिल्यांदा प्रशिक्षणाच्या एका पुस्तिकेत वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो आणि शेजारच्याने विचारलं होतं काय झालं म्हणून.

मी त्या बंदरावर पोट भरतो. हेही लिहायला हवं, नाहीतर वरचं सगळं खोटं होईल. आमच्या गावातल्या निम्म्याअधिक घरांत कुणी सर्व्हेअर, कुणी सीएफएसमध्ये फोर्कलिफ्टवर, कुणी माथाडी, कुणाचे चार ट्रेलर. चुलतभावाची हळद, तिचा मांडव, डीजे, बोकड, आत्याची नवी नऊवारी, सगळं कंटेनरमधूनच उतरलेलं. रांगेला शिव्या घालताना माझ्या लक्षात असतं की रांग संपली तर माझं टेबलही संपेल.

ड्रायव्हर पाटोद्याकडचा निघाला, बीड जिल्ह्यातला. डॅशबोर्डवर भगवानबाबांचा फोटो, त्याला कालचा सुकलेला हार. वाळूजवरून मशिनचे भाग घेऊन आला होता, पहाटे दोनपासून या ना त्या रांगेत. बोलताना त्याने फॉर्म १३ चा कागद वाऱ्याला हलवल्यासारखा माझ्यापुढे धरला आणि सवयीने माझी नजर कटऑफच्या रकान्यावर गेली. त्याच रात्रीचे दहा. मी काही बोललो नाही. माझ्या तोंडावरून त्याला समजलं असेल, कारण तोच म्हणाला, "न्हाई होत आज. मला बी कळतंय."

आत्याने त्याला विचारलं, "जेवलास का?" त्याने चहा झालाय म्हणून सांगितलं. तिने मला डब्याचं झाकण उघडायला लावलं. सहा वडे मी गाडीतून उतरून, हात उंच करून त्याच्या हातात दिले. त्याने ते स्टिअरिंगवर कागद पसरून ठेवले आणि बदल्यात गुळाचा एक खडा आत्यासाठी खाली दिला, गावाकडचा म्हणून. मग ऊस निघाला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे, सांगली-कोल्हापूरकडे. कारखान्यावर गाड्यांची रांग लागायची, रात्र-रात्र. बैल जुंपलेले तसेच, बाप उसावर गोधडी टाकून झोपायचा, आणि हा, सात-आठ वर्षांचा, गाडीखाली. नंबर लागला की उसाच्या मोळ्या गव्हाणीत पडायच्या आणि बाप मोकळा व्हायचा. "गव्हाण म्हंजे कळतं न्हवं तुमाला? जिथनं ऊस आत वडत्यात," त्याने मला समजावलं. मग मागे हात करून, जिथून आम्ही तासाभरापूर्वी सरकलो होतो त्या फाट्याकडे दाखवलं. "बाप गव्हाणीम्होरं झोपायचा. म्या गव्हाण फाट्यावर. मी ड्रायव्हर झालो तवा बापाला वाटलं, सुटलं पोरगं."

तो हे सांगून स्वतःच खूप हसला. आत्याही हसली. मला हसावं की नाही ते कळेना, तरी हसलो.

समुद्राचं कशाला विचारलं, तर धाकट्या मुलीने फोनवर हट्ट धरला होता, पप्पा तुम्ही समुद्रावर जाता तर फोटो पाठवा. त्याने आजवर तिला क्रेनचे फोटो पाठवले होते. बोटीच्या माथ्याचा एक होता, त्यात आकाशच जास्त. उरणला पिरवाडीचा किनारा आहे, चांगला आहे, हे मी त्याला सांगितलं, आणि सांगतानाच मला कळत होतं की हा ४० फुटी डबा घेऊन उरणच्या गल्ल्यांतून पिरवाडीला जाणार कसा. ट्रेलर सोडून जायचं तर डिझेल चोरीला जातं, डब्याच्या सीलची जबाबदारी असते. त्याने मान डोलावली. पिरवाडी हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

सात वाजून गेल्यावर आमची लेन हलली. त्याची नाही हलली. मी हात केला, त्याने हॉर्न दिला. पुढे जाताना त्याच्या डब्याच्या दारावरचा नंबर आरशात दिसला आणि तो मी डोक्यात धरून ठेवला, चार अक्षरं, सात आकडे. ही माझी धंद्याची खोड आहे. लोक गाड्यांचे नंबर पाहतात, मी डब्यांचे पाहतो आणि शेवटचा तपासणीचा आकडा बरोबर येतो का ते मनात ताडतो. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. आत्या गाडीतून उतरली ती थेट मांडवात, पाणीही न पिता, आणि तिने धवला धरला. आवाज पहिल्या दोन ओळींत धुळीने खरखरला, मग मोकळा झाला. मी बाहेर उभा राहून हातपाय धुतले. पाण्याबरोबर लाल माती निघत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्याबसल्या तो नंबर मी शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला. काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी 'गेट इन'. म्हणजे ती बोट गेली, डबा पुढच्या बोटीवर पडला, आणि पाटोद्याचा माणूस आणखी तीन रात्री कुठल्यातरी पार्किंगमध्ये, केबिनच्या पडद्यामागे. त्यानंतर मला तो चाळाच लागला. काम नसलं की नंबर टाकायचा. डबा रॉटरडॅमला उतरला, तिथून रिकामा अँटवर्पला, मग सँटोस, मग डर्बन. एकदा सहा महिने जेबेल अलीला काहीच हालचाल नाही, मला काळजी वाटायला लागली, जणू कुणी नातेवाईक आखातात अडकलाय. कोलंबो. मुंद्रा. पुन्हा युरोप. सगळे समुद्र झाले त्याचे. ड्रायव्हरचा नंबर मी घेतला नव्हता. डब्याचा घेतला होता. गाडी, डबा, सील, बोट, बिल, प्रत्येकाला नंबर आहे आणि मी त्यांच्यातच वाढलो, एवढंच कारण मी स्वतःला देत आलोय.

आता आमचं तसं सुटलंय. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाले आणि गावी जायला गाडी काढायची वेळ फारशी येत नाही. लोकलच्या खिडकीतून खारफुटीत चढलेलं पाणी दिसतं, बगळे दिसतात, आणि मधेच खाली रस्ता आला की ट्रेलर. रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल झाले, ट्रेलरसाठी पार्किंगची मोठी जागा झाली. बंदरात आता पाच कंटेनर टर्मिनलं आहेत. २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने ७० लाखांवर डबे इथून गेले-आले, आणि रेल्वेने जाणाऱ्यांपेक्षा रस्त्याने जाणारे अजूनही कितीतरी जास्त. रांग पूर्वीसारखी रोज लागत नाही, पण पावसात, सणानंतर, बोटी एकदम आल्या की लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन झालं तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. त्याच दिवशी तिकडच्या किनाऱ्यावरच्या बायकांचा काळे झेंडे घेतलेला व्हिडिओ कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला होता. त्यातली एक मागच्या रांगेतली म्हातारी बराच वेळ आत्यासारखी वाटत राहिली. आत्या त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री झोप येईना म्हणून फोन घेतला आणि खूप महिन्यांनी तो नंबर टाकला. डबा मोडीत निघाला असेल असं धरूनच टाकला होता. यादी आली. सर्वांत वरची नोंद त्याच रात्रीची होती, तासाभरापूर्वीची. न्हावाशेवा, गेट आउट, पहाटे दोन वाजून पन्नास मिनिटं. म्हणजे या क्षणी तो डबा कुणाच्यातरी ट्रेलरवर करळ फाट्याच्या आसपास असणार. मी उठून बसलो. आतल्या खोलीत आई संकष्टीचा उपास सोडून उशिरा झोपली होती, ओट्यावर मोदकांचं पातेलं तसंच झाकलेलं होतं. संकष्टी म्हणजे कृष्ण चतुर्थी. चार पाऊण तीन.

भरती पूर्ण होती तेव्हा.